खारट कालवण आणि थोलेआइट

शेजारच्या नव्या घरासाठी आज काळा दगड फोडत आहेत. ताज्या फुटलेल्या दगडाला एक पुसट जळका वास असतो. तो खिडकीतून आत आला आणि मी निवडायचे तांदूळ तसेच ठेवून चाळीसच्या दशकात, नगरकडच्या अकोल्याच्या डोंगरात जाऊन पोहोचले.

मी तेव्हा पुण्याला भूगर्भशास्त्र शिकत होते. वर्गात एकटीच मुलगी. नगरच्या कचेरीत कारकून असलेल्या वडिलांनी हौसेने पाठवले होते, पण आदल्या वर्षी मी नापास झाल्यावर त्यांनी शांतपणे बजावले, "या खेपेला राहिलीस तर पुणं बंद." माझे घोडे अडले होते शिलारसांच्या मालिकांपाशी. पृथ्वीच्या पोटातला तप्त रस निवताना त्यातून निरनिराळे दगड कसे जन्मतात, त्यांची ही कुळकथा. एका कुळाचे नाव थोलेआइट, दुसऱ्याचे कॅल्क-अल्कलाईन. आपला दख्खनचा काळा दगड पहिल्या कुळातला. त्या कुळात उरत्या रसातले लोह आधी वाढत जाते, दुसऱ्यात ते पहिल्यापासूनच घटते. हे सारे मला मुखोद्गत होते. अभ्याससहलीत डोंगरावर आमच्या सरांनी विचारले, "का वाढतं?" मी व्याख्या म्हणून दाखवली. सर हसले. "पोपट गोड बोलतो. उद्या सकाळी तोंडी परीक्षा आहे, तेव्हा त्याला घरी ठेवून या."

ज्या शेतकऱ्याकडे आमचा मुक्काम होता, तिथे पोहोचायला दुपार कलली. घरधनीण, तिला आम्ही सगळे मावशी म्हणायचो, हुलग्यांचे कालवण चुलीवर ठेवून आमची वाट पाहत होती. पहिला घास घेतला आणि सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. नुसते मीठ! मावशीने बोटावर घेऊन चाखले आणि ती खळखळून हसली.

"तुमी आला उशिरा, कालवन आटलं. पानी वाफंनं गेलं, पर मीठ कुठं जातंय? ते हाय तितकंच. थांबा, कनकीचा गोळा टाकते. त्यो मीठ वढून घेतोय."

घास माझ्या हातातच राहिला. रस निवताना आधी गोठणारे स्फटिक बाहेर पडतात, पण लोह फारसे नेत नाहीत; मग उरलेल्या थोड्या रसात लोह दाटते, खारट कालवणासारखे. आणि सुरुवातीलाच कणकीच्या गोळ्यासारखे कुणी लोह ओढून घेतले तर? तर ते दुसरे कुळ! मी उष्ट्या हाताने उठून वही आणली.

सकाळी ओढ्याकाठच्या खडकावर बसून मी सरांना हे सगळे कालवणासकट सांगितले. माझ्या डोळ्यांपुढे वडिलांचा चेहरा. सरांनी विचारले, "तो गोळा कोणता?"

"मॅग्नेटाइट, सर. चुंबकी लोहखनिज."

"पास," सर म्हणाले, "आणि आधी मावशींच्या पाया पडून या."

मी धावतच गेले. मावशी शेण कालवत होती. "परीक्षेत पास झाले," म्हणत पाया पडले तशी ती गडबडून मागे सरली. "परीक्षा कशाची गं पोरी?"

"दगडांची."

"आगं बया! मंग दगूड काय म्हनला?"

पुढे पुस्तके बदलली, नव्या विद्वानांनी मालिकांच्या सीमा पुन्हा आखल्या, आणि पाठ केलेल्या कितीतरी व्याख्या मी सुखाने विसरून गेले. मावशीचा प्रश्न मात्र मी पुढे वर्षानुवर्षे माझ्या विद्यार्थ्यांना विचारत आले: दगड काय म्हणाला? जो पुस्तक मिटून दगड हातात घेई, त्याला उत्तर सापडायला फार वेळ लागत नसे.