खुर्चीवरून टाकलेला बॉल

मॅच हरायला निदान मैदानात तरी असावं लागतं, असं वाटतं ना तुम्हाला? नाही लागत! मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, अंगावर पंजाबी ड्रेस, मांडीवर नारळ आणि शाल, अशा थाटात एका अख्ख्या कॉलेजची फायनल हरवलेली आहे. आणि ते कॉलेज माझं नव्हतंच. म्हणजे होतं. तेव्हा नव्हतं. तुम्ही चहा घ्या, मी सांगते.

सांगलीच्या कॉलेजात मी दोन वर्षं बास्केटबॉल खेळले. डावा कोपरा माझा. भागी, म्हणजे भाग्यश्री, जतकडची, ती बॉल घेऊन मधून घुसायची. समोरच्या पोरी तिच्या अंगावर धावल्या की मी कोपऱ्यातून दोन टाळ्या वाजवून ओरडायचे, "भागेऽऽ!" ती मान वळवूनसुद्धा बघायची नाही. आवाज आला त्या दिशेला बॉल सोडून मोकळी. मी झेलायचे, टाकायचे, आणि बहुतेक वेळा पडायचा. आमच्या कोच मॅडम म्हणायच्या, "तुमच्या दोघींत वायर बसवलीय का गं?"

मग कॉलेज सोडलं कशाला? पेपरात फोटो आला म्हणून!

हसू नका. साताऱ्यात जाऊन जिंकलो, त्याचा फोटो. मी हवेत, हात वर, बॉल नुकताच सुटलेला. आयुष्यातला माझा सगळ्यात चांगला फोटो. गावात पारावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांना त्यात काय दिसलं? गुडघे. स्वतः रोज भर रस्त्याकडेला, लंगोटावर, बोअरच्या पाइपाखाली अंघोळ करणारी ही माणसं! ती आमच्या आबांना म्हणाली, "पोरीचं गुडघं आख्ख्या जिल्ह्यानं बघितलं की, गड्या."

आबा म्हणजे माझे चुलते. घरात त्यांचा शब्द चालतो. वडील फौजेत आहेत, पार तिकडे बर्फात. शत्रूला भीत नाहीत, पण फोनवर त्यांचं एकच वाक्य: "आबा म्हणतील तसं." आणि आबा म्हणाले, "कॉलेज कर. पण ती चड्डी घालून उड्या मारनं बंद."

मी भडकले. म्हणाले, "खेळ नाही तर कॉलेज पण नाही. सोडते, जावा!"

खरं सांगू? मला वाटलं, घर हादरेल. काकू डोळ्याला पदर लावेल, वडील बर्फातून फोन करतील, आबा म्हणतील, असं वंगाळ बोलू नगं पोरी. आबांनी चहा बशीत ओतला, फुंकला, आणि म्हणाले, "बरं. मग उद्यापास्नं शेडवर ये. बेदाना निवडायला बाया कमीच पडत्यात."

झालं माझं शिक्षण!

तासगावच्या बाजूला आमचं बेदाण्याचं शेड आहे. तिथं बसून मी काळे दाणे वेगळे करायला लागले. काडी निघाली की लांबच्या डब्यात नेम धरून टाकायची. तेवढाच कोपरा राहिला होता मला. बॉल जुना झाला की त्याला एक वास येतो बघा, उन्हात तापलेल्या टायरसारखा. शेडवर टेम्पो आला की मी उगाच त्याच्या चाकापाशी जाऊन उभी राहायचे. बायांनी ठरवून टाकलं, हिचं ड्रायव्हरवर मन बसलंय. एकीनं तर त्याची जातपात, शेतीभातीसुद्धा काढून आणली!

पुढचा सीझन सुरू झाला. प्रत्येक मॅच झाली की भागीचा फोन यायचा. मी बेदाण्याच्या पेट्यांमागे जाऊन बोलायचे.

"माझा सात नंबर कुणाला दिला गं?"

"नवीन पोरगी हाय एक."

"टाकते का कोपऱ्यातून?"

"टाकतीय की."

"पडतो?"

"पडतोय. पण तिला बघून पास द्याय लागतोय."

त्या एका वाक्यावर मी महिनाभर जगले, काय सांगू तुम्हाला.

आणि एक दिवस ती म्हणाली, "सोने, फायनलला आलो आपन. साताऱ्याची टीम हाय समोर. मॅच सांगलीतच, आपल्याच ग्राउंडवर. ये की."

नेमका त्याच दिवशी आबांचा सांगलीत बेदाण्याचा सौदा होता. मी म्हणाले, "आबा, मला पण न्या. मैत्रिणीचा गुडघ्याचा पट्टा राहिलाय माझ्याकडं, तेवढा देऊन येते." पट्टा खरंच होता. गुडघ्याचं नाव काढल्यावर आबांच्या कपाळावर आठी आली, पण सौदा चांगला झाला होता. म्हणाले, "पाच मिन्टं. मी गाडीतच बसतो."

तर आमची पांढरी बोलेरो कॉलेजच्या गेटात शिरली. आबांच्या अंगावर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पांढरी पॅन्ट, भरघोस मिशी, सौद्याचा आनंद तोंडावर. आणि गेटात काय? दोन्ही बाजूंनी पोरं उभी, ओवाळायचं ताट तयार, हलगीवाला तयार. प्रमुख पाहुणे यायचे होते! आधी ठरलेल्या साहेबांनी सकाळी निरोप दिला होता की मी येत नाही, भावाला पाठवतो. त्या भावाला कुणी कधी बघितलेलं नव्हतं. दोन तास सगळे पांढऱ्या गाडीची वाट बघत ताटकळलेले.

गाडी थांबली तशी हलगी सुरू! एका पोरीनं आबांना ओवाळलं. एका पोरानं फेटा बांधायला घेतला. मी खाली उतरले, तर एका सरांनी मला हळूच विचारलं, "साहेब मोठ्या साहेबांकडूनच ना?"

इथं मी 'नाही' म्हणायला हवं होतं. एक शब्द. पण मागं टेबल दिसत होतं, त्यामागं खुर्च्या, आणि खुर्च्यांपासून चार बोटांवर पांढरी रेष. ग्राउंडची रेष! वर्षभर बघितली नव्हती मी ती. बाकीची गर्दी तर पार लांब, तारेच्या जाळीमागे उभी होती.

मी म्हणाले, "हो. आणि मी त्यांच्यासोबत."

तुम्ही विचाराल, आबांना काहीच वाटलं नाही? छे! ग्रामपंचायतीला दोनदा पडलेला माणूस आहे तो. त्यांना वाटलं, गावाला कळली नाही ती आपली किंमत शेवटी सांगलीला कळली. फेटा बांधून घेताना डोकं असं काही स्थिर धरलं होतं, जणू जन्मापासून सराव आहे! आणि आमच्याकडं एकदा फेटा चढला की माणसाला नाव कुणी विचारत नाही.

मॅडमनी मला बघितलं. तरातरा आल्या.

"तू? आणि हे कोण?"

"आमचे आबा."

"हेच का ते? फोटोवाले?"

"हेच."

मॅडमनी आबांच्या फेट्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. हसावं की मारावं, त्यांना काही कळेना. मग दातओठ खाऊन म्हणाल्या, "बस त्या खुर्चीत. तोंड उघडलंस तर याद राख."

लक्षात ठेवा हं हे वाक्य.

मग आबांचा सत्कार, त्यातला नारळ आणि शाल माझ्या मांडीवर, आणि आबांचं भाषण. माईक हातात आल्यावर माणूस थांबतोय होय! म्हणाले, "पोरींनी ख्येळलं पायजे. पोरी आन पोरं ह्यात फरक करनारी मानसं मला आवडत न्हाईत. आमच्या घरात पोरीला कवाच कुनी अडवलं न्हाई!"

टाळ्यांचा कडकडाट. मला इतका राग आला की मांडीवरचा नारळ तिथंच फोडावा वाटला. आणि तरी सांगते, माझं येडं मन काय म्हणत होतं? बोललाय ना चारचौघांत? आता घरी गेल्यावर धरू की ह्याच शब्दाला! पुढच्या जूनला परत ॲडमिशन, परत डावा कोपरा! आबा खोटं बोलत होते, आणि मी त्या खोट्याला सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते.

मध्यंतराला खरे पाहुणे आले. खरंच आले! त्यांनी लांबून आबांचा फेटा, मिशी, ऐट बघितली, आपल्यापेक्षा कुणीतरी मोठा माणूस असणार असं समजून वाकून नमस्कार केला आणि शेजारच्या खुर्चीत गप बसले. आबांनी त्यांना विचारलं, "आपन कोन?"

पण मॅच! अहो, काय मॅच चालली होती! साताऱ्याच्या पोरी एकेक ताडमाड, फौजी घरातल्या असाव्यात, धक्का मारला तरी हलत नव्हत्या. आपल्या पोरी पळून पळून त्यांना दमवत होत्या. बुटांचा तो चर्रर्र आवाज, बॉल सिमेंटवर आपटायचा आवाज... माझ्या पायात चपला होत्या आणि आत बोटं आपोआप वळत होती. सात नंबरची ती नवी पोरगी बरी होती. चांगली होती. तिचा एक बॉल हुकला तेव्हा मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून माझी मलाच लाज वाटली.

शेवटची काही सेकंदं. आपण एका पॉइंटनं मागं. बॉल भागीकडं. ती घुसली, नेहमीसारखी, मधून. तिघी-चौघी तिच्यावर तुटून पडल्या. सात नंबर कुठंय? तिकडं उजवीकडं अडकलेली! डावा कोपरा मोकळा. एकदम मोकळा. माझा कोपरा, माझ्या खुर्चीच्या समोरचा!

आणि मी उभी राहिले. देवाशप्पथ सांगते, मी उठले नाही, माझे पाय उठले. नारळ सुटून गडगडत गेला. दोन टाळ्या वाजल्या.

"भागेऽऽ!"

तिनं बघितलं नाही. कशाला बघेल? बॉल सरळ रेषेवरून, स्कोअर लिहिणाऱ्या सरांच्या कानाजवळून, माझ्या हातात. वर्षभरानं. गरम, खरखरीत, त्याच वासाचा.

आता तरी थांबावं की नाही? हात जोडून बॉल परत द्यावा? छे! मी टाकला. ओढणी मागं, एक चप्पल उडालेली, रेषेच्या बाहेरून टाकला. वर गेला, आणि रिंगला न शिवता जाळीतून खाली आला. सुळ्ळकन. आयुष्यात इतका सुंदर कधी टाकला नव्हता.

शिट्टी! आणि मग अशी शांतता की गडगडणारा नारळ ऐकू यावा.

तेवढ्यात एकच माणूस टाळ्या वाजवायला लागला. फेटा सावरत, खुर्चीतून उठून, "पडला! आरं पडला की! दोन पाइंट आपलं!" आमचे आबा. त्यांना कळेना बाकीचे गप का.

पंच म्हणाले, बॉल बाहेर गेला, बॉल साताऱ्याचा. साताऱ्याच्या पोरींनी तो छातीशी धरला आणि वेळ संपली. एका पॉइंटनं गेली फायनल.

भागी घामानं थबथबलेली, समोर येऊन उभी.

"यव्वा! तू खुर्चीत होतीस?"

"होते."

"मग हाक का मारलीस?"

"सवय."

ती मला मारेल असं वाटलं. तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. "मला पन," म्हणाली. हसत होती का रडत होती, घामात कळत नव्हतं. मी पट्टा तिच्या हातात दिला. तेवढ्यासाठी आले होते ना मी!

मागून मॅडम. सगळ्या पोरींसमोर म्हणाल्या, "पुढच्या वर्षी एक तर रेषेच्या आत ये, नाहीतर सांगलीत पाऊल टाकू नको."

परतीच्या वाटेवर आबा फेट्यातच गाडी चालवत होते. फेट्यासकट गावात शिरायचं होतं ना! दोन्हीकडं द्राक्षाच्या बागा, ऊन उतरलेलं. ते आरशात सारखा फेटा बघत होते. मग म्हणाले, "पोरी, एक सांग. तुजा बॉल तर झकास पडला. म्या बघितला की. मग हरल्या कशा?"

"मी रेषेच्या बाहेर होते, आबा. बाहेरून टाकलेला धरत नाहीत."

आबांनी विचार केला. खरोखर विचार केला. मिशीवरून हात फिरवला आणि अगदी भाबडेपणानं म्हणाले, "एवढं चांगलं टाकतीस, मग आत का न्हवतीस?"

आता तुम्हीच बघा! ह्या प्रश्नाचं उत्तर मी वर्षभर तयार करत होते. काळे दाणे निवडता निवडता एकेक शब्द निवडलेला. त्यात पारावरचे म्हातारे होते, लंगोट होता, फोटो होता, बशीतला चहा होता, आणि आजचं भाषण तर वर ताजं ताजं. आबांनी स्वतःच्या हातानं कोपरा मोकळा करून दिलेला. अडवायला कुणी नाही. रिंग हातभर अंतरावर. आणि मी कोण? गावात जिच्या तोंडाला कुणी लागत नाही ती सोनी!

मी खोल श्वास घेतला. आबांकडं वळले. आणि म्हणाले,

"आबा, तुमचा इंडिकेटर मघापास्नं चालूच आहे."

"व्हय की," आबा म्हणाले, आणि त्यांनी तो बंद केला.