बाहेरच्याला ऐकू जाईल असा आवाज

मी भूगोल घेऊन बी.ए. करते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं माझ्याआधी कुणी नाही. त्यामुळे भूगोल म्हणजे नक्की काय शिकवतात, हे मला घरी कुणी विचारत नाही. सगळ्यांनी ते आपापल्या परीनं ठरवून टाकलं आहे. अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या मते, भूगोल म्हणजे रस्ते.

आमचा कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा धंदा. आई आणि चार बायका भाकऱ्या करतात, अण्णा त्या सोलापूरच्या दुकानांत आणि आसपासच्या तालुक्यांत पोचवतात. गेल्या वर्षी त्यांनी एक जुनी व्हॅन घेतली. पुढच्या काचेला लिंबू-मिरची बांधून झाली आणि ते मला म्हणाले, "रस्ता सांगणारं मशीन बसवायचं हाय. तू बघ कुठलं चांगलं. तुझाच विषय हाय की."

मी म्हणाले, "अण्णा, फोनमध्येच असतं ते."

"फोनवर आर्डर येत्यात. आर्डर आली की रस्ता जातो. आन् अक्कलकोटच्या पुढं रेंज न्हाय."

कारण पटण्यासारखं होतं. पण अण्णा वीस वर्षं त्या भागात भाकरी पोचवत आहेत, त्यांना झोपेतसुद्धा रस्ते सापडतील. खरं कारण दुसरंच होतं आणि ते घरात सगळ्यांना माहीत होतं. ते सांगायचं तर त्याच्याही सहा वर्षं मागं जावं लागेल.

मी आठवीत होते. आत्याच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं. आत्या अण्णांची थोरली बहीण, अक्कलकोटच्या पुढं एका खेड्यात राहते. लग्न मात्र अक्कलकोटजवळच्या मंगल कार्यालयात ठेवलं होतं. नवऱ्या मुलीला मांडवात आणायचा मान मामाचा, म्हणजे अण्णांचा. आई दोन दिवस आधीच तिकडं गेलेली. त्या दिवशी सकाळी अण्णा आणि मी मोटारसायकलवरून निघालो. कार्यालय कुठं आहे हे अण्णांनी कुणाला विचारलं नाही. सगळ्या तालुक्याला भाकरी पोचवणाऱ्यानं रस्ता विचारायचा म्हणजे कमीपणाच.

त्या रस्त्यावर कार्यालयं दोन होती. आम्ही पहिल्यात शिरलो. दारात एकानं अण्णांना फेटा बांधला, दुसऱ्यानं अत्तर लावलं, तिसऱ्यानं पोह्यांच्या बशा हातात दिल्या. ओळखीचं तोंड एकही दिसेना. अण्णा म्हणाले, "नवऱ्याकडची माणसं दिसत्यात. लई मान देत्यात." आम्ही दुसऱ्यांदा पोहे घेतले. अण्णा पुढच्या खुर्चीवर ताठ बसून मुलीला आणायला बोलावणं कधी येतं याची वाट बघत राहिले. शेवटी नवरी आली ती तिच्या स्वतःच्या मामाबरोबर आली, तेव्हा अण्णा उठले.

खऱ्या कार्यालयात पोचलो तर अक्षता पडून गेल्या होत्या. मामाच्या जागी आत्याचा चुलत दीर उभा राहिला होता. अण्णांच्या डोक्यावर परक्या लग्नातला गुलाबी फेटा तसाच होता. आत्यानं सगळ्या पाहुण्यांसमोर विचारलं, "कुणाच्या मांडवात मिरवून आलास, तम्मा?"

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. ती लहानपणापासून त्यांना तेच म्हणते. त्या दिवसानंतर तिनं तसं म्हटलं नाही, कारण अण्णा तिच्याकडं गेलेच नाहीत. त्या गावचा माल दुसऱ्याकरवी जायचा.

आता एक गोष्ट, जी मी सहा वर्षं कुणाला सांगितली नव्हती. त्या पहिल्या कार्यालयाच्या दारात झेंडूच्या फुलांत नवरा-नवरीची नावं लिहिलेली पाटी होती. मी ती वाचली होती. नवरीचं नाव माझ्या आत्तेबहिणीचं नव्हतं. मला वाटलं, मोठ्या माणसांना माहीत असेल. लग्नात नाव बदलतात, असंही मनात आलं. आणि पोहे चांगले होते.

तर गेल्या वर्षी आत्याच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका आली ती फोनवर, फोटो म्हणून. अण्णा म्हणाले, "फोटोला कुंकू कसं लावत्यात? माणूस आलं न्हाय, मी जानार न्हाय." आई म्हणाली, "होगली बिडी." म्हणजे जाऊ द्या. पण लग्नाआधी मामाच्या घरी मुलीचं केळवण करायचं असतं आणि त्याचं बोलावणं मामानंच जाऊन द्यायचं असतं. म्हणजे आधी कुणी जायचं, हा प्रश्न होता. लग्नाला तीन आठवडे राहिले होते. दोन्ही घरं समोरच्याची वाट बघत बसली होती. अशात अण्णांना मशीन हवं झालं.

मी कॉलेजच्या वहीत यादी केली. डाव्या बाजूला वैशिष्ट्यं, उजव्या बाजूला गरज आहे का. एक आठवडा मी अभ्यासाच्या वेळेत पडद्याचे आकार वाचत होते. परीक्षेसाठी एवढी तयारी मी कधी केली नाही. माझी भीती साधी होती: मशीन चुकलं तर अण्णा पुन्हा कुठल्या तरी तिसऱ्याच मांडवात जाऊन बसतील, आणि या वेळी ते मी निवडलेलं असेल.

यादी गल्लीत पसरली. शेजारचे रिक्षावाले काका म्हणाले, "पोलीस कुटं उभा हाय ते सांगतंय का बघ. बाकी रस्ते काय, जितं न्हेईल तितं जायचं." चुलतभावाला त्यावर सिनेमा दिसायला हवा होता. गाडी चालवताना कोण बघणार, असं मी विचारलं तर म्हणाला, "थांबल्यावर गं. तुमचे अण्णा दुकानात हिशोब करत बसले की मी काय करू?" अण्णांच्या गाडीत तो कधी बसणार होता, हे मला आजही माहीत नाही. आईनं विचारलं, "बायकांना कुठं जाता येईल ते दाखवतं का?" हे मात्र मी यादीत सगळ्यात वर लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

अण्णांची अट एकच होती. "आवाज मोठा पायजे."

"किती मोठा?"

"गाडीच्या बाहेर उभ्या मानसाला ऐकू गेला पायजे."

मी ते वहीत लिहिलं आणि उजव्या बाजूला प्रश्नचिन्ह काढलं.

अण्णा, आई आणि मी मशीनच्या दुकानात गेलो. दुकानदाराच्या मुलाचा टाय खरा होता, पण मागं इलास्टिक होतं. त्यानं पाच इंची आणि सात इंची अशी दोन मशीनं काचेवर ठेवली. "सर, यात लाईफटाईम मॅप अपडेट आहे."

"कुनाच्या लाईफटाईम?" अण्णा म्हणाले.

तो अडखळला. "डिव्हाइसच्या, सर."

"ते किती जगतंय?"

"वॉरंटी एक वर्षाची आहे."

"मग लाईफटाईम कशाला म्हनताय, वर्षश्राद्धापर्यंत म्हना की."

त्यानं विषय बदलला. सात इंचीत म्हणे कुठल्या लेनमधून जायचं तेही दाखवतात. अण्णांनी काचेतून बाहेर बघितलं. रस्त्यावर एक बैलगाडी, दोन रिक्षा आणि उलट्या दिशेनं येणारी बस एकाच जागेवर हक्क सांगत होत्या. मग त्यांनी मुलाकडं बघितलं. मुलानं लेनचं पान पुढं सरकवलं.

आई म्हणाली, "बाथरूम?"

"दाखवतं मॅडम. पेट्रोल पंप, हॉटेल, एटीएम सगळं."

"पंपावरच्या बाथरूमचं कुलूप दाखवतं का?"

"कुलूप नाही दाखवत."

"मग किल्ली कुणाकडं असती तेपण नसंल दाखवत," आई म्हणाली आणि स्टुलावर बसली. तिच्यापुरता विषय संपला होता. मी वहीत तिच्या ओळीपुढं फुली मारली. मारताना वाईट वाटलं.

मग त्यानं आवाज लावून दाखवला. एका बाईनं रेडिओवरच्या बातम्यांसारखं सांगितलं, "दोनशे मीटरवर कृपया डावीकडे वळा."

"ही सोलापूरची न्हाय," अण्णा म्हणाले. "कृपया म्हनली." मग जरा थांबून, माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "आन् मानूस चुकला तर काय म्हनती?"

"काही नाही म्हणत, सर. शांतपणे दुसरा रस्ता काढून देते."

"टोमना न्हाय मारत?"

"नाही सर, तसं फीचर नाही."

"हेच द्या," अण्णा म्हणाले.

पाच इंची घेतलं. माझ्या यादीतल्या सतरा ओळींपैकी चौदा कुणी वाचल्याच नाहीत. घरी आल्यावर अण्णांनी गावांची नावं सांगितली. "माढा घाल. बार्शी घाल. मोहोळ." मग चप्पल सरळ करत, "आन् ते गाव असलं तर असू दे."

ते गाव मशीनमध्ये नव्हतं. मी कॉम्प्युटरवर उपग्रहानं वरून काढलेला नकाशा उघडला आणि आत्याच्या घराचं छप्पर शोधलं. दारातली चिंच आणि कडब्याची गंजी ओळखू आली. तिथले अक्षांश-रेखांश मी एकेक आकडा तीनदा तपासून घातले. दोन वर्षांच्या भूगोलाचा हा मला झालेला पहिला उपयोग.

त्या रविवारी अण्णा अक्कलकोटला माल टाकायला निघाले आणि आम्हालाही बसा म्हणाले. माल दहाच मिनिटांत टाकून झाला. मग ते म्हणाले, "मशीन नीट चालतंय का बगायला पायजे. लाव ते." कुठलं, असं मी विचारलं नाही. आई खिडकीबाहेर बघत होती. तिनं निघतानाच कुंकवाची डबी आणि ओटीचं सामान पिशवीत भरलं होतं, हे मला तेव्हा दिसलं.

आत्याच्या गावाच्या फाट्यावर मशीनमधली बाई म्हणाली, "कृपया उजवीकडे वळा." अण्णा थांबले. मागून ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवायला लागला. बाईनं तेच पुन्हा सांगितलं. "आता ही म्हनतीच हाय तर," असं म्हणून अण्णांनी गाडी वळवली. मग हात लांब करून त्यांनी आवाज शेवटपर्यंत वाढवला आणि काचा खाली केल्या.

आत्या दारात शेंगा निवडत होती. गाडी चिंचेखाली थांबली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बाई ओरडली, "तुम्ही तुमच्या ठिकाणी पोहोचला आहात!"

आत्या उठून उभी राहिली. "कोन बोललं?"

"मशीन," अण्णा आतूनच म्हणाले. "यानंच आनलं. मी माल टाकायला आल्तो."

आत्यानं गाडीकडं बघितलं, लिंबू-मिरचीकडं बघितलं. "म्हंजे तू न्हाय आलास. मशीन आलंय."

"व्हय."

"मग मशीनला च्या ठिवू का पानी देऊ?"

अण्णांचा हात गिअरवर गेला. मला वाटलं, आता मागं फिरतील. ती बाई आता काहीच बोलणार नव्हती, तिचं काम झालं होतं. मग मीच बोलले. आवाज फुटका निघाला. "आत्या, त्या दिवशी पाटी मी वाचली होती. नाव वेगळं होतं. मी अण्णांना सांगितलं नाही."

अण्णा मागं वळून माझ्याकडं बघत राहिले. आत्या खिडकीपाशी आली आणि वाकून तिनं आधी मशीनकडं आणि मग माझ्याकडं बोट केलं. "ह्येला बोलायला लावाया पैशे घातलास. हितं घरचं मशीन सहा वर्सं गप बसलंय, त्येचा आवाज वाढवाया काय झाल्तं तुला, तम्मा?"

अण्णा गाडीतून उतरले. आईनं पिशवीतून कुंकवाची डबी काढली.

लग्नाच्या दिवशी आम्ही तीन तास आधी पोचलो. मांडवाला अजून कापड लागायचं होतं आणि आचारी चूल पेटवत होते. दारात एक माणूस फेट्यांचा गठ्ठा घेऊन उभा होता. तो पुढं आला तसे अण्णा मागं सरकले.

"थांबा," ते म्हणाले. मग मला म्हणाले, "आदी पाटी वाच."

झेंडूची फुलं अजून ओली होती. मी दोन्ही नावं वाचली, आडनावांसकट, मोठ्यानं. चुलीजवळच्या आचाऱ्यानंही मान वर करून बघितलं.