भावाला ठाण्यात बसवलं तो रविवार

साठ सालानंतरच्या एका उन्हाळ्यातली गोष्ट. आम्ही अकोल्याला जुन्या शहरात राहायचो. वडील अकोटच्या वाटेवर एका मळ्यात बटाईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, भाजीपाला करायचे आणि बहुतेक तिकडेच असायचे. तिकडून आलेला माल माय बाजारात बसून विकायची. मी मास्तरणीच्या ट्रेनिंगला जात होते. माझ्या पाठचा भाऊ सतरा वर्षांचा होता. मॅट्रिकला नापास झाला होता आणि परत बसायचं नाव काढत नव्हता.

टाकीजबाहेर तिकिटं चढ्या भावानं विकणारा एक माणूस होता. पोरं त्याला उस्ताद म्हणायची. त्यानं आधी माझ्या भावाला फुकट सिनेमा दाखवला, चहा पाजला, चारचौघांत खांद्यावर हात ठेवला. घरी नापास म्हणून बोलणी खाणाऱ्या पोराला त्या हाताची चटक लागली. पुढं तो उस्तादासाठी तिकिटं विकू लागला. नदीपल्याडच्या पोरांचंही तसंच एक टोळकं होतं. टाकीज कुणाचं यावरून दोघांच्या मारामाऱ्या सुरू झाल्या. भाऊ कधी ओठ फुटून यायचा, कधी शर्ट फाडून. विचारलं की म्हणायचा, "सायकलवरून पडलो."

एका शनिवारी मेथीच्या जुड्या झाकायला मायनं कोपऱ्यातलं बारदान उचललं, तर खाली रामपुरी चाकू. तिनं तो तिथंच राहू दिला. बारदान होतं तसं ठेवलं आणि बाजारात गेली.

त्याच दुपारी भावाचा जिवलग दोस्त मला नळावर भेटला. तो आमच्या गल्लीतलाच, शिंप्याचा मुलगा. तोही त्याच टोळीत होता. घागर भरेपर्यंत घुटमळला आणि हळूच म्हणाला, "ताई, उद्या दुपारी नदीच्या पात्रात ठरलं हाये. या खेपेले लाठ्याकाठ्या नाई. मी सांगितलं म्हनून त्याले सांगू नका." मी शपथ घेतली. त्याला वाटत असावं की कुणीतरी अडवावं. त्याच्या स्वतःच्या तोंडून नाही म्हणवत नव्हतं.

मी मायला सगळं सांगितलं. वडलांना निरोप पोचायला वेळ नव्हता. मायनं पदर खोचला आणि म्हणाली, "चाल माह्यासंगं." आमच्या घरातलं कुणी तोवर ठाण्याची पायरी चढलं नव्हतं.

फौजदार साताऱ्याकडचे होते, वयस्क, चष्मा लावणारे. मायचं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "बाई, अजून काही घडलेलं नाही. कशाखाली धरू त्याला?"

"घडल्यावर धरून मंग का करता, साहेब? तवा तो तुमचा होईन नाई तं डाक्टरचा. मले तो आजच पायजे."

"एकदा नाव कागदावर आलं की पुसत नाही. उद्या नोकरी लागायची नाही."

"मंग कागदावर घेऊ नका. फकत बसवून ठेवा. शिंप्याच्या पोराले बी."

फौजदारांनी हातातलं पेन बंद करून ठेवलं. मग एवढंच म्हणाले, "घरी काही बोलू नका."

रविवारी सकाळी ते साध्या कपड्यांत आमच्या दारात आले. भाऊ न्हाऊन भांग पाडत होता. "चल रे, जरा काम आहे," ते म्हणाले. भावानं कोपऱ्यातल्या बारदानाकडे पाहिलं, मग मायकडे. माय भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. तेव्हाच त्याला कळलं. शिंप्याच्या घरी शिपाई गेला, पण तो मुलगा पहाटेच निघून गेला होता.

दुपारभर मी आणि माय ठाण्याच्या ओट्यावर बसून होतो. आत बाकड्यावर भाऊ. नदीत पोलीस उभे केले होते, म्हणून दोन्ही टोळ्यांनी जागा बदलली आणि कापसाच्या जिनिंग कारखान्यामागच्या मैदानात भिडल्या. ऊन उतरायला लागलं तेव्हा एक शिपाई सायकलवरून आला. शिंप्याच्या पोराला भोसकलं होतं. जिवंत होता, दवाखान्यात नेला होता.

भाऊ आतून उठून दारात आला. मायला म्हणाला, "मी असतो तं त्याले लागलं नसतं." त्यानंतर त्यानं तिच्याशी बोलणं सोडलं.

त्याला त्या दिवशी सोडलं, पण रोज संध्याकाळी ठाण्यात यायचं असं फौजदारांनी बजावलं. तिथं त्यांनी भावाच्या शाळेतल्या ड्रिलमास्तरांना बोलावून घेतलं होतं. मास्तर उपदेश करत नसत. काय खाल्लं, कुठं गेला, कुणाचा राग येतो, असं विचारत राहायचे. भाऊ भिंतीकडे तोंड करून बसायचा. इकडे उस्तादाचा एक माणूस मायच्या दुकानासमोर उभा राहू लागला. एकदा वांगं उचलून म्हणाला, "पोट्टं ठान्यात का करून राहिलं रोज? फितूर झालं का?"

माय म्हणाली, "वांगं घ्याचं असन तं घे, नाई तं ठेव खाली."

त्यानं वांगं पायाखाली चिरडलं आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून फौजदारांनी बाजारात एक शिपाई ठेवला. तरी माय घरी येईपर्यंत मी दारात उभी असायचे.

मग एके दिवशी मास्तर भावाला घेऊन दवाखान्यात गेले. मलाही सोबत घेतलं. दोस्ताचा उजवा हात खांद्यापासून बांधलेला होता. भाऊ उभाच राहिला. म्हणाला, "मायनं मले अडकोलं. घरातल्याच कोनी तरी चुगली केली."

"चुगली मीच केली," दोस्त म्हणाला. "नळावर. तुह्या बहिनीले."

भाऊ माझ्याकडे वळला. मी मान डोलावली.

"काहून?"

"मले भेव वाटत होतं. तुले सांगतलं असतं तं तू मले भित्रा म्हनला असता."

भाऊ खाटेच्या कडेला बसला. मास्तर मला घेऊन बाहेर व्हरांड्यात आले.

त्या संध्याकाळी भावानं फौजदारांना सगळं सांगितलं: चाकू कोण देतो, पोरं कुठं जमतात, मैदान कुणी ठरवलं. मग आणखी काही पोरं बोलली. त्यांच्या आया घाबरल्या होत्या. माय घरोघर जाऊन त्यांना समजावत होती. उस्तादावर खटला झाला आणि पुढं त्याला तडीपार केलं. एवढ्यानं मारामाऱ्या थांबल्या असं नाही, पण टाकीजबाहेर आमच्या गल्लीतली पोरं दिसेनाशी झाली.

वडलांनी भावाला अमरावतीला मामाकडे धाडलं. तिथं तो एसटीच्या वर्कशॉपात लागला. मायशी तो पुन्हा बोलू लागला ते दिवाळीला आला तेव्हा, तेही जेवताना, "भाजीत मीठ कमी हाये" एवढंच. मायनं मीठ वाढलं.

दोस्ताची दोन बोटं पुढं कधी सरळ झाली नाहीत. कात्री त्याला धरता येईना, म्हणून त्यानं कापडाचं दुकान टाकलं. भाऊ अमरावतीहून आला की आधी त्याच्याकडे उतरायचा, मग घरी. तो आधी घरी येत नाही याचं मायला वाईट वाटत नसे. "तिथूनच येऊ दे," म्हणायची.