डीजेचा चंदा

प्लांटच्या कॉलनीतल्या सेक्टर दोनमधले आमचे शेजारी काका प्लांटच्याच फायर ब्रिगेडमधून रिटायर झाले, पण ड्यूटी काही सुटली नाही. लग्नात गेले की आधी मांडवाच्या वायरी पाहतात, मग नवरानवरी. समोर साहेब असो, नातू असो की भरलेली सभा, सुरुवात "ऐक बे" नंच. आणि जयंतीच्या मिरवणुकीत निळा फेटा बांधून डीजेपुढे असे नाचतात, की पोरं दमतात.

म्हणून विहारातल्या मिटिंगमध्ये ते बोलले तेव्हा आम्ही उडालोच.

"ऐक बे, यंदा डीजे नाही लावाचा. तो चंदा लसीच्या संशोधनाले देऊ. पुढच्या महामारीसाठी."

"पण काका, जो रोग आलाच नाही, त्याच्या लसीले चंदा कावून द्याचा?" मी विचारलं.

"आग लागल्यावर बंब बनवाले देता का बे?"

कोरोनात गेलेल्यांच्या शोकसभा आम्ही याच हॉलमध्ये घेतल्या होत्या. मागून एका मावशीनं हात वर केला आणि बघता बघता सगळा हॉल हात वर करून उभा!

मिरवणुकीला मला मात्र धाकधूक. डीजेशिवाय काका काय करतील? काकांनी फेटा घट्ट केला, तोंडानंच बंबाचा सायरन काढला आणि सुटले! अख्खी मिरवणूक सायरन काढत त्यांच्यामागं नाचली. मी दमून कडेला टेकलो, तर काका गर्दीतून ओरडले,

"ऐक बे, बसला कावून? आपली लस बनून राहिली ना!"