भाच्याच्या तोंडी मी घातलेला शब्द

"लॅपटॉपला खुर्ची दे. तू खाली बस."

साहेबांचा पीए असं म्हणाला. बंगल्याच्या पोर्चमध्ये प्लास्टिकच्या पाच-सहा खुर्च्या होत्या. एकीवर त्यानं माझा लॅपटॉप ठेवला. बाकीच्या रिकाम्याच राहिल्या. मी फरशीवर मांडी घातली. माझं वय सत्तेचाळीस. माझा भाचा जाऊन चौदा दिवस झाले होते, आदल्या दिवशीच त्याच्या जलदानाचा कार्यक्रम झाला होता. आणि माझ्यापेक्षा उंच जागी बसवलेल्या त्या लॅपटॉपमधून त्याचाच आवाज येत होता.

मला कुणी खांदा दाबून बसवलं नाही. मी आपणहून बसलो. आमच्या वस्तीतला माणूस त्या पोर्चमध्ये बसतो कुठं, हे मला आधीच ठाऊक होतं. पीएनं फक्त आठवण करून दिली.

तालुक्याचं राजकारण आणि शाळा ज्यांच्या हातात, ते साहेब झोपाळ्यावर होते. हातात चहा. त्यांनी डोळे मिटून एक गाणं ऐकलं, दुसरं ऐकलं. मग म्हणाले, "पोरगं गुणी व्हतं रे. आपलंच व्हतं. जरा तोंडाळ व्हतं, पण आपलंच."

याच गुणी पोराला त्यांच्या तक्रारीवरून दोन वेळा पोलीस ठाण्यात दिवसभर बसवून ठेवलं होतं. दोन्ही वेळा त्याला आणायला मीच गेलो होतो. ते साहेबांना आठवत होतं आणि मलाही. 

भाच्याचं नाव विशाल. स्टेजवर तो स्वतःला सुतळी म्हणवून घ्यायचा. सुतळी बॉम्बमधली सुतळी. त्याची आई, म्हणजे माझी अक्का, तेरखेड्याकडच्या एका फटाक्याच्या कारखान्यात बॉम्बला सुतळी गुंडाळायची. एका दिवाळीच्या तोंडावर शेडमध्ये दारूनं पेट घेतला. अक्का वाचली. उजव्या हाताची तीन बोटं गेली. कारखाना साहेबांच्या मेव्हण्याचा. पंचनाम्यात लिहिलं, बाई घरी चुलीवर भाजली. विशाल तेव्हा सातवीत होता.

पुढं तो रॅप करायला लागला. मोबाइलवर बघून शिकला. कपाळाला निळा रुमाल, पायात स्लिपर, आणि बोली आपलीच. लई, न्हाय, व्हय, सगळं जसंच्या तसं. भूमला माझा रेकॉर्डिंगचा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे एक खोली, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. भंगारवाल्यांच्या गाड्यांवर वाजणाऱ्या आरोळ्या, जागरणाची गाणी, जयंतीची गाणी, निवडणुकीची प्रचारगीतं, सगळं तिथं रेकॉर्ड होतं. विशालची सगळी गाणी तिथंच झाली. त्यातलं एक सगळ्या जिल्ह्याला पाठ होतं.

*साहेब, तुमच्या दिवाळीला माझ्या आईची बोटं जळाली,*
*पंचनाम्याची पानं सांगा कुणाच्या बंगल्यात गळाली?*

पोरं हे कॉलेजच्या आवारात म्हणायची. लोहाऱ्याच्या वडापच्या जीपमध्ये मी स्वतः ऐकलंय. ड्रायव्हर आवाज वाढवायचा आणि आतली माणसं खिडकीबाहेर बघायची. मग तो गेला. दिवेलागणीला मोटरसायकलवरून येताना, रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळून. ट्रॉलीला मागं लाल कापडसुद्धा नव्हतं. एकतीस वर्षांचा होता.

पोर्चमध्ये साहेबांनी कप खाली ठेवला. "मोठी श्रद्धांजली सभा घिऊ. त्याच्याच आवाजात गाणं वाजवू. फक्त एवढी एक जागा दुरुस्त करायची."

त्यांना हवं होतं ते गाणं वेगळं होतं. आईवरचं. त्यात विशाल विचारतो आणि स्वतःच उत्तर देतो. *माझ्यामागं कोन? आई. माझ्याफुडं कोन? आई. पडलो तवा उचलाया धावलं कोन? आई.* पीए म्हणाला, "आईच्या जागी साहेब टाक. शब्द हाय की त्याच्या दुसऱ्या गाण्यात. तिथनं उचल."



साहेब झोपाळ्यावरून उठता उठता म्हणाले, "तुझी पोरगी आपल्याच शाळंत शिकवायला हाय न्हवं? अजून कायम न्हाय झाली वाटतं."

एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही.

मी म्हणालो, "जी साहेब."

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टुडिओचं दार लावून मी ते काम केलं. कसं केलं ते सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय मी काय केलं हे कळणार नाही. बोटांच्या गाण्यातला 'साहेब' तो ओरडून म्हणाला होता. घसा खरवडलेला होता. तसाच उचलून लावला तर शिवीसारखा वाजला असता. म्हणून मी त्याची धार काढली. स्वर खाली आणला. शब्दाआधी त्यानं घेतलेला श्वास कापला, कारण त्या श्वासातच राग होता. मग थोडा घुमारा दिला, देवळात म्हटल्यासारखा. तीन वेळा 'आई' काढली. तीन वेळा 'साहेब' बसवला. जोड कुठं दिसतोय का हे हेडफोन लावून पुन्हा पुन्हा तपासलं. नाही दिसला. पंचवीस वर्षांचा हात होता.

खोटं का बोलू? जोड बेमालूम बसला तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं. कारागिराला वाटतं तसं. त्या बरं वाटण्याची मला आज सगळ्यात जास्त घाण वाटते.

सभा झाली. बाजारतळावर मांडव, स्टेजवर वीस फुटी फ्लेक्स. फ्लेक्सवर साहेब मोठे, विशाल कोपऱ्यात. त्याच्या कपाळावरचा निळा रुमाल फ्लेक्सवाल्यानं भगवा केला होता. गाणं लागलं. माझ्या भाच्यानं विचारलं, माझ्यामागं कोन? आणि माझ्याच स्पीकरमधून त्यानं उत्तर दिलं, साहेब. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. मी मिक्सरच्या मागं उभा होतो. आवाज फाटू नये म्हणून माझं बोट बटणावर होतं.

विशालबरोबर गाणारी तीन पोरं मांडवाच्या टोकाला उभी होती. त्यातला अजहर त्याचा जिवाभावाचा दोस्त. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. ती पोरं निघून गेली.

आठ दिवसांत सगळीकडं झालं, सुतळी विकला गेला होता. शेवटच्या दिवसांत साहेबांच्या खिशात होता. म्हणूनच गाणं केलं. कोण म्हणालं, आधीपासूनच सेटिंग होती, शिव्या देऊन भाव वाढवत होता. त्याला डोक्यावर घेणारी पोरंच जास्त बोलली, कारण फसवणूक त्यांचीच झाली होती. वस्तीतल्या समाजमंदिराच्या भिंतीवर त्याचं चित्र काढलं होतं. एका सकाळी त्याच्या तोंडावर डांबर होतं.

ते साहेबांच्या माणसांनी फासलं नव्हतं. ते आपल्या पोरांनी फासलं होतं.

मी गेलो तेव्हा अक्का स्टुलावर उभी राहून रॉकेलच्या बोळ्यानं भिंत पुसत होती. दोन बोटांत बोळा धरून. डांबर निघत नव्हतं, रंगच निघत होता. डोळे गेले, नाक गेलं. मी म्हणालो, "अक्का, मी पुसतो." ती म्हणाली, "ऱ्हाऊ दी. तुझा हात खराब हुईल."

तिला तेव्हा काही माहीत नव्हतं. मायेनंच म्हणाली होती.

त्यानंतर चार दिवसांनी ती एसटीनं भूमला आली. स्टुडिओत पहिल्यांदा. अंड्यांच्या ट्रेकडं बघून म्हणाली, "हितं व्हय. मला वाटायचं, लई मोठं आसंल." मग पिशवी मांडीवर घेऊन बसली. "त्ये सभंतलं गाणं लाव."

"कशाला, अक्का?"

"लाव म्हणते ना."

मी लावलं. पहिला 'साहेब' आला तसा तिनं हात वर केला. मी थांबवलं.

"परत."

परत लावलं.

"ह्यो माझ्या बोटांच्या गाण्यातला हाय," ती म्हणाली. "ग्वाड केलाय. पर त्योच हाय. त्यो शब्द म्हणताना ल्येकरू रडलं व्हतं. घरी येऊन सांगितलंतं मला." मग तिनं लॅपटॉपकडं हात केला. "आन् हितं मी व्हते. मला कुठं टाकलंस?"

 मला वाटलं, ती मारेल. मारावं, असंही वाटलं. ती उठली. पदर सारखा केला.

"जित्तेपणी त्यो कुणाला भ्याला न्हाय. मेल्याव त्याला भ्यायला लावलंस तू. तुझं भ्या त्याच्या तोंडात घातलंस."

दारातून म्हणाली, "पाचची गाडी हाय. सोडायला येऊ नगो."

त्याच आठवड्यात पीएचा फोन आला. निवडणूक जवळ आली होती. "सभेतलं गाणं लई चाललं. आता त्याचं सगळं रेकॉर्डिंग आणून दे, कच्चं-पक्कं समदं. पुण्याची पोरं हायत, मशीनवर त्याचा आवाज तयार करत्यात. मग पाहिजे ते गाणं. तुलाबी कापाकापी न्हाय."

मी म्हणालो, "न्हाय."

"काय न्हाय?"

"रेकॉर्डिंग देत न्हाय."

तो हसला. "आरं, तुझ्या पोरीचा विचार कर."

"केला. न्हाय म्हणजे न्हाय. आन् सभेतलं गाणं खोटं हाय, ते मी कापून केलंय, हे मी गावाला सांगणार हाय. साहेबांनाबी सांगा."

पंचवीस वर्षांत त्या बंगल्यावरच्या कुणालाच मी जी सोडून दुसरं काही म्हणालो नव्हतो. मी फोन ठेवला. धाडसबिडस काही वाटलं नाही. उशीर झालाय, एवढंच वाटलं.

अजहरला बोलावलं. सगळं सांगितलं. त्यानं माझी कॉलर धरली आणि सोडली. म्हणाला, "मामू, म्या इतकं दिस त्याला शिव्या दिल्या. डांबर म्या आणलंतं." आणि भिंतीला टेकून रडला. त्या पोराचं पापही माझ्याच खात्यात आहे.

आमच्या वस्तीतल्या जयंती मंडळाच्या अध्यक्षांना हे कळलं. ते खूश होऊन आले. म्हणाले, विशाल आपल्या समाजाचा, त्याची खरी गाणी आपणच वाजवू, साहेबाला उघडा पाडू. मग जरा थांबून म्हणाले, "फक्त त्या वाचनालयाच्या दोन ओळी तेवढ्या काढ."

*जयंतीला भिंत हादरंल एवढा डीजे आणता,*
*वाचनालयाची चावी कुणापाशी, हाय का कुणी जाणता?*

चावी त्यांच्यापाशी होती. म्हणजे साहेबांना 'आई' नको होती आणि यांना 'चावी' नको होती. दोघांनाही विशाल हवा होता, थोडासा कापलेला. मी त्यांनाही नाही म्हणालो. ते म्हणाले, "तू कोण न्हाय म्हणणारा? तूच कापलंस की पयलं."

खरं होतं. आणि त्यांना वाटलं त्याहून जास्त खरं होतं.

कच्ची रेकॉर्डिंग काढून मी पहिल्यापासून ऐकायला बसलो. मला माहीत होतं मी काय शोधतोय. चार वर्षांपूर्वीची एक फाइल. त्यात विशाल हसत हसत म्हणतो, "मामा, ही ओळ ठिवा बरं का, तुमच्यावरच हाय," आणि मग गातो.

*मामा माझा कलाकार, त्याच्या गळ्याला न्हाय दार,*
*इलेक्शन आलं की आत शिरतो म्हणंल तो उमेदवार.*

ही ओळ कुणी ऐकलेली नाही. तेव्हा मी त्याला सांगितलं होतं की माइक फाटला, ओळ खराब झाली. माइक फाटला नव्हता. ओळ स्वच्छ होती. त्यानं माझ्याकडं बघितलं होतं आणि म्हणाला होता, "बरं मामा." त्याला कळलं होतं. मामाची लाज राखली त्यानं. साहेबाच्या सांगण्यावरून मी त्याला पहिल्यांदा कापला असं मी सगळ्यांना सांगत होतो. पहिल्यांदा मी त्याला माझ्यासाठी कापला होता, तो समोर बसलेला असताना, कुणी सांगितलेलं नसताना.

मुलीला शाळेतल्या नोकरीवरून काढलं. कारण लिहून दिलं नाही. ती माझ्याशी बोलत नाही. तिला न विचारता मी गप्प बसलो आणि तिला न विचारताच बोललो, असं ती आईला म्हणाली. तिचं बरोबर आहे. अक्काच्या घरी मी गेलो नाही. ती माफ करेल की काय याची मला भीती वाटते.

आता येत्या बाजाराच्या दिवशी बाजारतळावर माझे स्पीकर लागतील. परवानगीचा अर्ज तीनदा परत आला. चौथ्यांदा दिलाय. मिळाली नाही तर हातगाडीवर स्पीकरचा डबा ठेवून वाजवीन. आधी माझ्या तोंडानं सांगणार, कुठला शब्द कुठून उचलला, कसा घासला, कुणाच्या सांगण्यावरून, आणि मी कशाला भ्यालो. मग विशालची सगळी गाणी, पहिल्या श्वासापासून. साहेबांची ओळ, मंडळाची ओळ, आणि मामाची ओळ सगळ्यात आधी. फायली अजहरकडं दिल्यात, आणखी चौघांकडं दिल्यात. आता मला वाटलं तरी मला काही कापता येणार नाही.

ज्याला थुंकायचंय त्यानं त्या दिवशी यावं. मी मिक्सरच्या मागं नसेन. पुढं उभा असेन, तोंड न पुसता, शेवटचं गाणं संपेपर्यंत.