याला दुसरा माणूस लागतो

पाच आठवडे झाले. रविवारी सकाळी वहिनींचा फोन आला, "भाऊजी, हे उठतच नाहीयेत." मी डिंडोलीतल्या घरी पोचलो तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. वसंत भामरे, माझा तीस वर्षांपासूनचा मित्र, झोपेतच गेला होता. मंगळवारी सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. बॅनरवर 'शिक्षणमहर्षी' छापलं होतं आणि फोटो कुणाच्या तरी लग्नातला होता. त्यात शेजारच्याचा खांदाही आला होता. एका वक्त्याने त्याला दीपस्तंभ केलं, दुसऱ्याने वटवृक्ष. तो कडोदऱ्याच्या कारखान्यात मास्तर, म्हणजे मागांवर देखरेख करणारा होता आणि निवृत्तीनंतर याच हॉलमध्ये पंधरा-वीस बायकांना इंग्रजी शिकवायचा, हे मात्र सांगायचं राहून गेलं.

तो नक्की काय शिकवायचा, ते मला कधी नीट कळलं नाही. आजही कळलंय असं नाही. एकदा मी वर्गात मागे जाऊन बसलो. भविष्यकाळ चालला होता. "आत्ता मनात आलं, तर 'आय विल गो'. आधीच ठरवलंय, तर 'आय अ‍ॅम गोइंग टू गो'. आणि समोरच्याशी बोलून दिवस-वेळ पक्की केली, तर 'आय अ‍ॅम मीटिंग यू टुमॉरो'. याला दुसरा माणूस लागतो." इथवर ठीक. पण मग प्रत्येकीने त्याच्याशी खरोखरच भेट ठरवायची, आणि तो खरोखरच जायचा. कुणासाठी बँकेपाशी, कुणासाठी दवाखान्यापाशी, एकदा नुसताच भाजीबाजाराच्या कोपऱ्यावर. बाई आली नाही तरी हा तासभर उभा. "अरे, ही शिकवणी आहे की समाजसेवा?" मी विचारलं. माझ्याशी तो अहिराणीतच बोलायचा. "तू भलता वाचस, भाऊ," तो म्हणाला, "पण कोठे जास का?"

शोकसभेनंतर वहिनींनी त्याची भेटी लिहायची वही माझ्या हातात दिली. "एवढं निस्तरा, भाऊजी. कुणी ताटकळलं तर ह्यांना आवडायचं नाही." पुढची एकच नोंद होती : बुधवार, अकरा, कल्पना, शाळेचं फाटक. कल्पना नवागामची, साड्यांच्या घड्या घालायच्या कामाला जाणारी. मुलीला इंग्रजी शाळेत घालायचं होतं आणि त्यासाठी आईची मुलाखत होती. फोन नंबर नव्हता. म्हटलं, बिचारीला ठाऊक नसेल, जाऊन सांगावं.

ती मुलीचा हात धरून फाटकाबाहेर उभी होती. अकरा वाजून गेले होते.

"मास्तर नाहीत आता," मी म्हणालो.

"माहितेय, काका. काल सभेत मागंच बसले होते मी."

"मग आत का नाही गेलीस?"

"ठरलं होतं ना. म्हटलं, त्यांचं कोणीतरी येईलच."

मी तिच्याबरोबर आत गेलो. मुख्याध्यापिकाबाईंनी सगळं इथल्या भाषेत, गुजरातीत विचारलं, कल्पनाने गुजरातीतच सांगितलं. एवढ्या घोटलेल्या इंग्रजीचं काय करायचं, ते आम्हा दोघांनाही कळेना. शेवटी बाई उठता उठता म्हणाल्या, "वी विल सी." माझ्या मते मुलाखत संपली होती, आणि प्रवेशही. कल्पना बसूनच राहिली. "नो मॅडम. आय अ‍ॅम मीटिंग यू ऑन मंडे. टेन ओ'क्लॉक. ओके?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मग त्यांनी डायरी उघडली आणि लिहून घेतलं.

सोमवारी मी साडेनऊलाच गेलो. कल्पना आली, तसा मी तिच्यामागून निघालो. रखवालदाराने मला हटकलं. "मास्टरजी की तरफ से हो? वो अंदर नहीं जाते थे." त्याने नळाशेजारची जागा दाखवली. "यहीं खड़े रहते थे. ऑफिस की खिड़की से दिखता है."

म्हणजे याआधीही किती जणींसाठी तो इथे येऊन उभा राहिला होता, कोण जाणे... मी नळाशेजारी उभा राहिलो. खिडकीत कल्पनाचं डोकं दिसत होतं. तिने एकदा बाहेर पाहिलं. हात वर करावा की नुसतं उभं राहावं, हे मला ठरवता येईना. तेवढ्यात तिने मान वळवली आणि बोलायला सुरुवात केली.