मयताची चिठ्ठी

आमच्या जळगाव जामोदच्या घराशेजारी राहणाऱ्या काकू मूळच्या सिंधमधल्या. नवऱ्यासोबत यात्रेच्या व्हिसावर आल्या त्या तिकडच्या भीतीला कंटाळून, परत न जाण्यासाठीच. काका इथेच वारले. मी शाळेत शिकवायला जायची तेव्हा माझी लेक काकूंच्या मांडीवर वाढली, आणि ते उपकार मी या जन्मी तरी फेडू शकणार नाही. म्हणून त्यांना परत जायचा सरकारी कागद आला, तेव्हा माझंच डोकं फिरलं. त्यांना राहू द्यावं असा अर्ज मीच लिहिला.

उत्तर आलं, तिकडे भाऊ आहे, घर आहे, अर्ज नामंजूर. मी दुसरा अर्ज केला. मजकूर तोच, तारीख नवी. अक्षर तेवढं ठसठशीत काढलं, जणू पहिलं साहेबांना लागलंच नव्हतं. तोही नामंजूर झाला. मग नागपूरला हायकोर्टात गेलो. न्यायमूर्ती शांतपणे म्हणाले, कोणाला राहू द्यायचं हे आम्ही ठरवत नाही, निर्णय रीतसर झाला की नाही एवढंच पाहतो. तेच गाऱ्हाणं पुन्हा पुन्हा आणू नका, नवीन काही असेल तर या.

परतीच्या एसटीत मी बडबडत होते. दुःख जुनंच असेल तर माणसाने नवीन कुठून आणायचं? काकूंनी डबा उघडून माझ्यासमोर धरला. "खाय आधी," म्हणाल्या.

दोन महिन्यांनी दुबईच्या एका नातेवाइकाहाती काकूंना चिठ्ठी आली. भाच्याची, सिंधीत. अंगणात उभ्यानेच वाचली आणि मटकन खाली बसल्या. "भाऊ गेला माहा." मी त्यांच्या हातून कागद घेतला, टराटरा चार तुकडे केले आणि कुंपणाकडे भिरकावले. मयताची चिठ्ठी घरात ठेवायची नसते, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. मग त्यांच्या डोक्यावर पाणी घातलं.

आठवड्याने हे बुलढाण्याच्या आमच्या वकिलांच्या कानावर घातलं. ते खुर्चीत सरसावून बसले.

"भाऊ गेला, म्हणजे तिकडं आता कोण आहे?"

"कोणी नाई," काकू म्हणाल्या. "भाच्यानं घर विकलं. तोही गाव सोडून गेला. चिठ्ठीत सारं हाय."

"मंग हेच तं नवीन आहे. चिठ्ठी द्या."

मीच फाडली म्हणून सांगितलं. वकील कपाळाला हात लावून म्हणाले, "शिकलेल्या ना बाई तुम्ही? काऊन फाडली?" भाच्याचा नवा पत्ता कोणालाच माहीत नव्हता.

घरी आल्यावर मी काकूंसमोर रडले. त्या आत गेल्या आणि उशीच्या अभ्र्यातून चार तुकडे घेऊन आल्या.

"तवाच उचलले होते. तुले वाईट वाटन म्हून बोलली नाई."

रागावल्या नव्हत्या. उलट त्यांनीच चोरी केल्यासारखं तोंड केलं होतं.

वकिलांनी तुकडे चिकटवले, भाषांतर करून घेतलं. कोर्टाने विचारलं, हे फाटलं कसं? वकिलांनी रीत सांगितली. न्यायमूर्तींनी मान हलवली. "आमच्याकडेही ठेवत नाहीत," म्हणाले. हुकूम झाला, ही गोष्ट नवीन आहे, अर्जाचा पुन्हा विचार करा, तोवर यांना पाठवू नका. त्या माणसाचा मी किती राग केला होता. त्यांनी दार लावलं होतं, पण कडी घातली नव्हती. आज मनापासून हात जोडते.

यंदाच्या थंडीत राहण्याची परवानगी आली. वकिलांनी चिठ्ठी परत दिली, ती काकूंनी माझ्या हातात ठेवली.

"आता फाड. एवढे दिवस भावाले अडवून ठेवलं मी माह्यासाठी. आता जाऊ दे."

मी फाडायला गेले, तर वकिलांची चिकटपट्टी काही केल्या तुटेना. मग दुसरं टोक काकूंनी धरलं.